आयरिश शब्द आपल्या रचलेल्या भाषेत घेताना अनेकवचन कसं ठरवायचं

आयर्लंडमध्ये सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या दारांवर बऱ्याचदा दोन आयरिश शब्द लिहिलेले असतात: 'फिर' आणि 'म्ना'. रोमन लिपीत पहिला एफने सुरू होतो, दुसरा एमने. इंग्रजी जाणणारा परका माणूस नेमका उलटा अर्थ लावतो, कारण 'फिर' म्हणजे पुरुष आणि 'म्ना' म्हणजे बायका. हे दोन्ही शब्द अनेकवचनी आहेत. एका पुरुषाला 'फ्यार' म्हणतात, एका बाईला 'ब्यान'.

आता समजा, तुम्ही रचत असलेल्या भाषेचे लोक आयरिश लोकांच्या संपर्कात आले आणि त्यांनी पहिले शब्द उचलले ते या दारांवरूनच. त्यांच्या भाषेत एका पुरुषाला 'फिर' म्हणतील. मग अनेक पुरुषांना काय? या प्रश्नाचं उत्तर आयरिश व्याकरणात सापडणार नाही. शब्द कुणी उचलला, कुठून उचलला आणि त्या क्षणी तो कोणत्या रूपात होता, यावर ते अवलंबून आहे. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं काम सोपं होतं आणि भाषाही खरी वाटायला लागते.

लिप्यंतराबद्दल एक सूचना. आयरिश शब्द मी देवनागरीत शक्य तितके उच्चाराजवळ लिहिले आहेत. शब्दाच्या शेवटी आलेला 'आ' (उदाहरणार्थ 'ब्रोगा') पूर्ण उघडा म्हणायचा नाही, तोंडातल्या तोंडात अर्धवट सोडायचा. शेवटी 'य' जोडलेलं व्यंजन (उदाहरणार्थ 'बाद्य') हा वेगळा 'य' नाही. ते व्यंजनच जीभ टाळूकडे उचलून म्हणायचं आहे.

पहिली पायरी: आयरिश अनेकवचन कसं होतं ते ओळखीपुरतं समजून घ्या

संपूर्ण व्याकरण शिकायची गरज नाही, पण मूळ भाषेत काय घडतं हे माहीत नसेल तर आपण काय सोडतोय आणि काय ठेवतोय हेच कळणार नाही.

आयरिशमधली जवळजवळ सगळी व्यंजनं दोन प्रकारे उच्चारता येतात. एक 'लाहन', म्हणजे रुंद. दुसरा 'कील', म्हणजे बारीक. बारीक व्यंजनात हलका 'य' मिसळल्यासारखा वाटतो. अनेकवचनाची एक मोठी रीत या फरकावरच उभी आहे: शब्दाच्या शेवटचं रुंद व्यंजन बारीक करायचं. 'बाद' (होडी) याचं 'बाद्य', 'कापल' (घोडा) याचं 'कापल्य', 'ल्यौर' (पुस्तक) याचं 'ल्यौर्य'. काही शब्दांत व्यंजनाबरोबर स्वरही सरकतो: 'फ्यार' चं 'फिर', 'माक' (मुलगा) चं 'मिक', 'ईअस्क' (मासा) चं 'एश्क'.

हे असं का होतं ते सांगायलाच हवं, कारण भाषा रचणाऱ्याला यातून फार काही मिळतं. फार जुन्या काळी 'पुरुष' या शब्दाचं रूप साधारण 'विरस' असं होतं आणि अनेकवचन 'विरी'. काळाच्या ओघात शेवटची अक्षरं गळून गेली. शेवटचा 'ई' गेला, पण जाताना आधीच्या व्यंजनावर आणि स्वरावर आपली छाप सोडून गेला. आजचं 'फिर' म्हणजे त्या हरवलेल्या 'ई' ची खूण. अनेकवचनाचा प्रत्यय नाहीसा झाला तरी अनेकवचन टिकलं. तुमच्या भाषेच्या इतिहासातही अशी एखादी गोष्ट घालून बघा.

बाकीच्या रीती पटकन बघू. काही शब्दांना 'आ' लागतो: 'ब्रोग' (बूट), 'ब्रोगा'. काहींना 'ई': 'कालीन' (मुलगी), 'कालीनी', 'गार्दा' (पोलीस शिपाई), 'गार्दी'. काहींना लांब प्रत्यय लागतात: 'श्केल' (गोष्ट), 'श्केलता', 'ला' (दिवस), 'लेहन्ता'. आणि काही पूर्ण अनियमित आहेत: 'त्याख' (घर) चं 'तिहा', 'ब्यान' चं 'म्ना'.

एक सापळा लक्षात ठेवा. 'फिर' म्हणजे 'पुरुष' अनेकवचनी, पण 'पुरुषाचा' या अर्थीही तेच रूप येतं. 'मिक' आणि 'म्ना' यांचंही तसंच. जुने वाक्प्रयोग किंवा गावांची नावं चाळताना असं रूप दिसलं की ते अनेकवचनच आहे असं गृहीत धरू नका. याच्या उलटही घडतं. कॉर्क काउंटीत कॅरिग्नवार नावाचं गाव आहे. त्याचं आयरिश नाव 'कारिग ना व्यार', म्हणजे पुरुषांचा खडक. अर्थ अनेकवचनी आहे, पण शब्द 'फिर' नाही. एकवचनी 'फ्यार' च सुरुवातीचा ध्वनी बदलून 'व्यार' झाला आहे.

शब्दाची रूपं तपासायला टॅनग्लन डॉट आयई हे संकेतस्थळ उत्तम आहे. तिथे व्याकरणाच्या रूपांसोबत मन्स्टर, कॉनाक्ट आणि अल्स्टर या तीन प्रमुख बोलींतले उच्चार ऐकायलाही मिळतात. ऐकल्याशिवाय शब्द घेऊ नका, कारण आयरिश लिपीत न उच्चारलेली अक्षरं पुष्कळ असतात आणि तुमचे लोक शब्द कानाने शिकले असतील तर ती अक्षरं त्यांना दिसणारच नाहीत.

दुसरी पायरी: नेमकं कोणतं रूप ऐकलं गेलं ते ठरवा

बहुतेक नवखे ही पायरी वगळतात. शब्दकोश उघडतात, पहिलं रूप उचलतात, आपला प्रत्यय लावतात आणि पुढे जातात. खरी माणसं मात्र शब्दकोशातून शब्द घेत नाहीत, बोलण्यातून घेतात.

घोड्यांच्या व्यापाऱ्याचंच उदाहरण घ्या. बाजारात तो 'कापल' हा शब्द कसा ऐकेल? मोजताना. आयरिशमध्ये संख्येनंतर बहुधा एकवचनच येतं, 'तीन घोडा' म्हटल्यासारखं. शिवाय संख्येमुळे शब्दाचा पहिला ध्वनी बदलतो. दोन ते सहापर्यंत तो मऊ होतो, या बदलाला 'शेव्हू' म्हणतात: 'त्री खापल', तीन घोडे. सात ते दहापर्यंत वेगळा बदल होतो, त्याला 'उरू' म्हणतात: 'शाख्त गापल', सात घोडे. म्हणजे एकाच प्राण्यासाठी व्यापाऱ्याच्या कानावर 'कापल', 'खापल' आणि 'गापल' अशी तीन रूपं पडतात, आणि 'कापल्य' हे खरं अनेकवचन कदाचित फारच कमी वेळा. त्याच्या भाषेत घोड्याला 'खापल' म्हणत असतील तर ते अगदी पटण्याजोगं आहे. आणि 'खापल' हा शब्द त्याने नेहमी संख्येबरोबरच ऐकलेला असल्यामुळे, तो त्याला आपल्या भाषेत समूहवाचक म्हणून वापरू लागला तरी नवल नाही.

माणसं मोजायची रीत आणखी वेगळी. त्यासाठी खास संख्याशब्द आहेत: 'त्र्यूर फ्यार', तिघे पुरुष, 'त्र्यूर बान', तिघी बायका. हे 'बान' म्हणजे 'ब्यान' चं तिसरंच रूप. तुमच्या भाषेतल्या लोकांचा आयरिश बायकांशी संबंध कामावर मोजदाद करताना आला असेल तर 'बान', दारावरची पाटी वाचून आला असेल तर 'म्ना', आणि एखाद्या घरात राहून आला असेल तर 'ब्यान'. एकाच भाषेत हे तिन्ही शब्द वेगवेगळ्या अर्थांनी शिरले तर मला ते फार सुंदर वाटेल.

आपल्या मराठीतही हे घडलेलं आहे. 'हाल' आणि 'अहवाल' हे अरबीत एकाच शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन. मराठीत ते दोन स्वतंत्र शब्द म्हणून आले आणि आज कुणालाही त्यांचं नातं जाणवत नाही. 'अमीर-उमराव' या जोडशब्दात तर एकवचन आणि त्याचंच अनेकवचन शेजारी शेजारी उभे आहेत, आणि 'एक उमराव' म्हणताना आपण अडखळत नाही. तुमच्या भाषेत 'एक फिर' म्हणणाऱ्या माणसाला शुद्धतेची शिकवण द्यायची गरज नाही.

म्हणून प्रत्येक शब्दासमोर एक ओळ लिहा: कुणी घेतला, कशाच्या निमित्ताने, ऐकून की वाचून. वाचून घेतला असेल तर उच्चार लिपीवरून चुकीचा होईल आणि तोही खरा ठरेल. 'बौरान' (चामड्याचा हातडफ) या शब्दाच्या लेखनात मधे 'ध' ची अक्षरं आहेत. वाचून शिकणारा 'बोध्रान' म्हणेल.

तिसरी पायरी: तुमच्या ध्वनींतून चाळल्यावर काय उरतं ते बघा

आता एक छोटी भाषा धरून चालू. तिच्यात व्यंजनांचे रुंद आणि बारीक असे प्रकार नाहीत. शब्दाच्या शेवटी फक्त न, र, ल, स ही व्यंजनं येऊ शकतात. बाकी व्यंजन शेवटी आलं तर आधाराला 'आ' जोडतात. अनेकवचनाचा प्रत्यय 'रू', आणि शब्द व्यंजनान्त असेल तर 'आरू'.

'बाद' आणि 'बाद्य' या भाषेत आणा. बारीक 'द' इथे नाहीच, म्हणून दोन्हींचा उच्चार 'बाद', आणि शेवटी 'द' चालत नाही म्हणून दोन्हींचं 'बादा'. आयरिशमधला वचनाचा सगळा फरक उंबरठ्यावरच पुसला गेला. इथे मूळ अनेकवचन टिकवायचा हट्ट धरून उपयोग नाही, कारण तुमच्या लोकांना तो फरक कधी ऐकूच आला नाही. 'बादारू' हेच अनेकवचन. 'कापल' आणि 'कापल्य' यांचंही तेच: 'कापल', 'कापलारू'.

'फ्यार' आणि 'फिर' यांचं तसं नाही. तिथे स्वरही बदलतो, आणि स्वर तुमच्या भाषेत आहेत. ही जोडी 'फार' आणि 'फिर' अशी टिकू शकते. 'गार्दा' आणि 'गार्दी' टिकू शकतात. आयरिशमधले कोणते फरक तुमच्या भाषेत ऐकू येतात आणि कोणते बुडतात, याची दोन रकान्यांची यादी करा. पुढचे निर्णय या यादीतून अर्धे आपोआप होतात.

एक गंमतशीर अडचण 'ब्रोग' पाशी येते. शेवटी 'ग' चालत नाही, म्हणून आधाराचा 'आ' जोडला की 'ब्रोगा' तयार होतं. हे तर आयरिश अनेकवचनच! तुमच्या भाषेत मात्र तो फक्त आधार आहे. एकवचन 'ब्रोगा', अनेकवचन 'ब्रोगारू'. आयरिश जाणणाऱ्या वाचकाला हे दुहेरी अनेकवचन वाटेल. टिपणात खुलासा लिहून ठेवा आणि रूप बदलू नका.

चौथी पायरी: वाट निवडा

सर्वांत रुळलेली वाट म्हणजे परका शब्द घेऊन आपलं अनेकवचन लावणं. मराठीने 'टेबल' चं 'टेबलं' केलं, 'बँक' चं 'बँका', 'फाइल' चं 'फायली'. 'बसेस' मध्ये इंग्रजी प्रत्यय सोबत आला, पण असे शब्द थोडे. आयरिशनेही हेच केलं आहे. 'बाद' हा शब्द नॉर्स (जुन्या काळच्या स्कँडिनेव्हियातल्या) लोकांच्या 'बात्र' वरून आला आणि 'ल्यौर' लॅटिन 'लिबेर' वरून. आयरिशने दोघांनाही आपल्या पद्धतीने शेवटचं व्यंजन बारीक करून अनेकवचनी केलं. 1887 साली जगापुढे आलेल्या एस्पेरांतो या रचलेल्या भाषेत तर दुसरी वाटच नाही: नाम 'ओ' ने संपतं आणि अनेकवचनात त्याला 'य' जोडतात. आयरिश 'क्लान' (कुळ) तिथे 'क्लानो' होतो आणि अनेकवचन 'क्लानोय'. तुमच्या शंभर शब्दांपैकी बहुसंख्य याच वाटेने जावेत असं माझं ठाम मत आहे.

दुसरी वाट, एकवचन आणि अनेकवचन दोन्ही घेणं. हे क्वचितच घडतं, आणि घडतं तेव्हा शब्दामागे एखादं पद, संस्था किंवा विधी असतो. आयर्लंडच्या 1937 च्या संविधानाने सरकारप्रमुखाला 'तीशख' हे पद दिलं. आयर्लंडमधल्या इंग्रजीतही त्याचं अनेकवचन 'तीशी' असं आयरिशच वापरतात, आणि पोलिसांना 'गार्दी' म्हणतात. पण त्याच इंग्रजीत आयरिशमधून आलेल्या 'शॅमरॉक' ला साधा इंग्रजी 'स' लागतो. सरकारी पद आपलं अनेकवचन सोबत आणतं, रानातलं तीनपानी रोप आणत नाही. तुमच्या भाषेत असे शब्द एकाच क्षेत्रातले ठेवा, पाच-सहापेक्षा जास्त नकोत. अपवाद इथे-तिथे विखुरले तर भाषा नुसती अवघड होते. एका क्षेत्रात एकवटले तर त्या दोन समाजांत काय नातं होतं हे न सांगता कळतं.

तिसरी वाट मला सर्वांत प्रिय आहे: अनेकवचनच एकवचन समजून घेणं. त्यावर पुन्हा आपला प्रत्यय लावला की 'फिर', 'फिरारू'. याच्याच शेजारची आणखी एक शक्यता आहे. परक्या शब्दाचा एखादा तुकडा योगायोगाने तुमच्या वचनाच्या प्रत्ययासारखा दिसला तर बोलणारे तो तोडतात. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत अरबी 'किताब' वरून 'किताबू' आला. स्वाहिलीत 'कि' हा नामांच्या एका वर्गाचा एकवचनी उपसर्ग आणि 'वि' त्याचा अनेकवचनी. म्हणून पुस्तकं झाली 'विताबू'. रस्त्यावरच्या वर्तुळाकार चौकाला, 'डावीकडून चला' या अर्थाच्या इंग्रजी 'कीप लेफ्ट' वरून, 'किपिलेफ्ती' म्हणतात आणि अनेक चौकांना 'विपिलेफ्ती'.

आपल्या धरलेल्या भाषेत हे कुठे होईल? प्रत्यय 'रू' आहे, म्हणून 'रू' ने संपणारा कुठलाही शब्द धोक्यात, किंवा खरं म्हणजे भाग्यवान. तुम्ही व्याकरणाविषयी आयरिश लोकांशी बोलणारे विद्वान कल्पिलेत आणि त्यांनी 'उरू' हा शब्दच उचलला, तर सामान्य बोलणारा त्याला अनेकवचन समजेल आणि एका ध्वनिबदलाला नुसतं 'उ' म्हणू लागेल. आपल्या यादीत असे शब्द मुद्दाम शोधा.

चौथी वाट, अनेकवचनच नसणं. 'टोकी पोना' सारख्या रचलेल्या भाषेत नामाला वचनाचं चिन्हच नाही. तुमची भाषा तशी असेल तर हा लेख तुम्हाला फक्त दुसऱ्या पायरीपुरता उपयोगी आहे: कोणतं रूप गोठून राहिलं तेवढं ठरवा.

पाचवी पायरी: लिंग आणि वर्ग

तुमच्या भाषेत अनेकवचन लिंगावर किंवा वर्गावर अवलंबून असेल, तर आधी शब्दाला घर द्यावं लागेल. 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथांसाठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेत बोलू शकणाऱ्यांसाठी एक प्रत्यय आहे, शरीराच्या अवयवांसाठी दुसरा आणि उरलेल्या सगळ्यांसाठी तिसरा. तशी व्यवस्था असलेल्या भाषेत 'लेप्रखान' (गोष्टींमधला खुजा चांभार) बोलतो म्हणून पहिल्या वर्गात जाईल आणि 'कापल' तिसऱ्यात.

आयरिश लिंग मात्र तसंच्या तसं आणू नका. 'कालीन' म्हणजे मुलगी, पण आयरिश व्याकरणात हा शब्द पुल्लिंगी आहे. कानाने शिकणाऱ्याला ते कळायचा मार्ग नाही. तो अर्थावरून किंवा शेवटच्या ध्वनीवरून वर्ग ठरवेल, मराठीत आपण 'बस' ला स्त्रीलिंगी आणि 'ट्रक' ला पुल्लिंगी केलं तसं.

सहावी पायरी: जोडशब्द

'ब्यान शी' म्हणजे मृत्यूची चाहूल लागताच रडणारी अदृश्य लोकातली स्त्री. आयरिशमध्ये अनेकवचन पहिल्या शब्दाचं होतं: 'म्ना शी'. संसदेच्या सदस्याचंही तसंच: 'त्यख्ता दाला', अनेकवचन 'त्यख्ती दाला'. इंग्रजीने 'बॅन्शी' हा एकसंध शब्द मानला आणि प्रत्यय शेवटी लावला. तुमच्या भाषेपुढे तोच प्रश्न आहे: तुमच्या लोकांना आतला सांधा दिसतो का? त्यांनी 'ब्यान' हा शब्द वेगळाही घेतला असेल तर दिसेल आणि प्रत्यय मधे जाईल. नसेल घेतला तर 'बानशी', 'बानशीरू'. एकाच भाषेत शिकलेले लोक पहिलं रूप आणि बाकीचे दुसरं रूप वापरतात, असं दाखवलंत तरी चालेल.

हे सगळं झाल्यावर शब्दकोशातली नोंद कशी दिसावी याचे दोन नमुने:

फिर. नाम, माणसांचा वर्ग. अनेकवचन फिरारू. आयरिश 'फ्यार' च्या अनेकवचनावरून, दारावरच्या पाटीवरून वाचून घेतलेला. मोठ्या बंदरांत. आतल्या खेड्यांत 'फार', अनेकवचन 'फिर'. तिथे शब्द आयरिश घरांतून ऐकून आला.

खापल. नाम, प्राण्यांचा वर्ग. अनेकवचन खापलारू, संख्येनंतर खापल असंच राहतं. आयरिश 'कापल' च्या मऊ झालेल्या रूपावरून, घोड्यांच्या बाजारात मोजणी ऐकून घेतलेला. संख्येनंतर अनेकवचनाचा प्रत्यय न लावायची सवयही याच शब्दाबरोबर आली आणि आता धान्याच्या पोत्यांना आणि मेंढ्यांनाही लागू होते.